परीक्षेच्या दिवशी बाई रोगी झाल्या

घोडेगावला बाजाराच्या दिवशी दवाखान्यात पाय ठेवायला जागा नसते. त्या गर्दीतच नगरहून आलेल्या कंपाउंडरने सांगितलं, "तुमच्या मार्थाबाई गेल्या. हार्टनं." मी हातातलं इंजेक्शन दिलं, पुढच्या बाईला बसवलं... महिना होत आला, पण एका जागी बसवत नाही.

सातवीत शाळा सुटलेली मी जामखेडकडची मुलगी. नगरच्या मिशन दवाखान्यात नर्सिंग शिकायला आले, तेव्हा मार्थाबाई आमच्या शिक्षिका. त्यांची एक रीत होती. तपासायला रोग्याला जसं झोपवायचं, तसं आधी प्रत्येकीने स्वतः टेबलावर झोपायचं. गुडघे उभे करून पाठीवर, डाव्या कुशीवर, गुडघे-छाती टेकून पालथं. आम्ही खिदळायचो. "हसा," बाई म्हणायच्या, "उद्या काष्टीची एखादी म्हातारी अशी पडेल, तेव्हा तिला लाज कुठं वाटते ते ठाऊक पाहिजे." पुस्तकातला सिद्धांतही त्या एवढ्यातच सांगायच्या : अंगात बळ असतं तर रोग्याने स्वतःसाठी जे केलं असतं, ते आपण करायचं.

प्रॅक्टिकलला मी एकदा नापास झाले होते. पुन्हा झाले असते तर घरी रवानगी, आणि घरी स्थळ बघून ठेवलेलं. दुसऱ्या खेपेच्या दिवशी रोगी म्हणून टेबलावर खुद्द बाई! बाहेरून आलेल्या परीक्षक म्हणाल्या, "पोट तपासायचंय. सपाट झोपव." मी उशी काढली. बाईंच्या नाकपुड्या फुलल्या, बोटांनी चादर आवळली.

"न्हाई झोपवायचं," मी बोलून गेले. "दम लागतोय त्यांना."

"मी काय सांगितलं?"

"सपाट. पण आधी बसवते." पाठीशी उशा रचून मी बाईंना टेकवून बसवलं.

परीक्षकांनी वहीत काहीतरी लिहिलं. मी पास झाले. बाहेर रडत बाईंचा हात धरला, तर म्हणाल्या, "अगं येडे, नाटक होतं ते! मला काय धाड भरलीय?" ती गंमत मी कितीजणांना सांगितली असेल...

परवा नगरला गेले. बाईंची खोली शिपाईण लक्ष्मीबाई आवरत होत्या. खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा होत्या. दम्याच्या, हार्टच्या रोग्याची खाट वॉर्डात आम्ही अशीच उंच करतो. विटांभोवती फरशीवर मळाची काळी चौकट बसलेली.

"ह्या कधीपासून?" मी विचारलं.

"लई दिस झालं की. तुमची परीक्षा व्हायच्या आधीपासनं. कुनाला सांगू नको म्हनल्या हुत्या."

म्हणजे दम खरा होता. तो छातीत घेऊन बाई माझ्यापुढे सपाट पडायला आल्या होत्या...