काकूंना पिक्चर कसा वाटला

पिक्चर संपून दिवे लागले की सगळे उठायचे आणि काकू मात्र बसून राहायच्या. अंधारात काढलेल्या चपला पायाने चाचपत म्हणायच्या, "मले काही समजलं नाही बाप्पा. पण चांगला होता."

"समजलं नाही, तर चांगला कसा?"

"तेच तर समजून नाही राहिलं."

चंदीगडच्या सरकारी क्वार्टर्समध्ये त्या आमच्या खालच्या मजल्यावर राहायच्या. मूळच्या वर्ध्याच्या, काका केंद्र सरकारच्या नोकरीत, बदलीवर आलेले. काकांना थिएटरात झोप लागायची, म्हणून काकूंची जोडीदार मी. गेल्या वर्षी काकांची पुन्हा बदली झाली आणि त्या चंदीगड सोडून गेल्या. त्यांची मतं तेवढी माझ्याकडे राहिली. तुम्हाला खरं सांगते, ती अजून मला एकमेकांशी जुळवता आलेली नाहीत.

भुताच्या पिक्चरला मी घाबरून त्यांचा हात धरला, तर यांच्या डोळ्यांत पाणी! "त्या बिचारीचं कोणी ऐकूनच नाही घेतलं. सारे नुसते ओरडत पळून राहिले."

परदेशात घडणारी एक प्रेमकथा बघितली. सगळे नायिकेच्या कपड्यांबद्दल बोलत होते. काकू म्हणाल्या, "एवढं भांडले, पण दोघांपैकी एक तरी जेवला का?"

पंजाबी विनोदी पिक्चरला शब्दही न कळता त्या पोट धरून हसल्या. बाहेर आल्यावर गंभीर होऊन म्हणाल्या, "लय दुःखी माणूस होता तो." नक्की कोण, हे मला अजून उमगलेलं नाही.

एकदा युद्धाचा पिक्चर होता. शेजारच्या कर्नलसाहेबांच्या पत्नीही बरोबर होत्या. हॉल शिट्ट्यांनी दणाणला होता. बाहेर आल्यावर त्यांनी कौतुकाने विचारलं, "कैसी लगी जी? आपका बेटा भी तो फौज में है."

काकू म्हणाल्या, "अच्छी थी जी. पर वो सामनेवाली फौज का लड़का... उसको तो अभी मूँछ भी ठीक से नहीं आई थी."

मला वाटलं, आता वाद होणार. पण कर्नलबाईंनी काकूंचा हात धरला आणि पार्किंगपर्यंत सोडला नाही.

पुढे सीमेवर तणाव वाढला. काकूंच्या मुलाचा फोन लागेना. अशात एका दुपारी काकू साडी बदलून वर आल्या. "चाल, पिक्चरला जाऊ."

"आज?"

"घरात तो टीव्ही आहे नं. हे बंदच नाही करून राहिले."

पिक्चर हलकाफुलका होता. काकू सगळ्यांबरोबर हसल्या आणि कुणीच हसत नव्हतं तिथेही हसल्या. मांडीवरच्या पॉपकॉर्नला त्यांनी हातही लावला नव्हता. आपणही हसावं की त्यांना घेऊन बाहेर पडावं, मला ठरवता येईना. मध्यंतरात विचारलं, "काकू, घरी जाऊया?"

"थांब. यात सारे शेवटी घरी पोचतात म्हणे. तेवढं पाहून जाऊ."

मुलगा परत आला. वाळलेला, आणि डाव्या कानाने अजिबात ऐकू येत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, वेळ लागेल; किती, ते कुणी सांगेना. सुट्टीत तोच म्हणाला, "आई, पिक्चरला जाऊ." आम्ही तिघं गेलो. कसला तरी चोरीचा, गुंतागुंतीचा पिक्चर होता. मला तर चोर कोण तेही कळलं नाही.

बाहेर पडताना मी सवयीने विचारलं, "कसा होता, काकू?"

त्या गोंधळल्या. "कोणता?"

"अहो, आत्ता बघितला तो!"

"मी कुठं पिक्चर पाहिला? मी तर याच्याकडंच पाहून राहिली होती."

त्यांच्या उजवीकडे चालणारा मुलगा वळला. "काय म्हणालीस, आई?"

"काही नाही रे," काकू म्हणाल्या. मग त्याच्या मागून वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेल्या आणि त्याचा हात धरून, त्याच्या चांगल्या कानाशी काहीतरी सांगत चालू लागल्या.