गुंडला सरांचा पुरावा

शाळेत पोर्टफोलिओचा सीझन आला की किस्से पिकतात. फाइल एक आणि तिच्यामागे किस्से दहा! फाइल अपलोड होऊन जाते, किस्से मात्र स्टाफरूममध्येच मुक्कामाला राहतात. मला थोडंफार कॉम्प्युटर कळतं असा शाळेचा गैरसमज आहे, त्यामुळे सगळ्यांचे पोर्टफोलिओ चढवायचं काम माझ्याकडे. म्हणजे सगळे किस्सेही माझ्याकडेच.

आमची शाळा अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या कडेला. संस्थेने मध्यंतरी फतवा काढला, की प्रत्येक शिक्षकाने बाहेरच्या एका मंडळाचं प्रमाणपत्र मिळवायचं. त्यासाठी वर्गाचा व्हिडिओ, पालकांचा अभिप्राय, स्वतःचं चिंतन आणि मुलाची प्रगती दाखवणारे दोन पुरावे, शिकवण्याआधीचा आणि नंतरचा. तीनदा बसता येतं. तीनदा नापास झालं, की वर्ग सोडायचा आणि ऑफिसात दाखले लिहीत बसायचं!

*

चिंतनात एक प्रश्न होता : ‘तुमचा कोणता प्रयत्न फसला? त्यातून काय शिकलात?’

आमच्या पाटील मॅडम माळशिरसच्या. पहिलीला शिकवतात आणि स्वतःवर भरवसा दांडगा. म्हणाल्या, “फसलंच न्हाय तर काय लिवू?”

हेडसर म्हणाले, “काहीतरी लिहा हो, रकाना रिकामा चालत नाही.”

मॅडमनी विचार करून लिहिलं, ‘एका विद्यार्थ्याला काम झाल्यावर गॅस बंद करण्याची सवय लावत आहे. बरीच वर्षे प्रयत्न चालू. अद्याप यश नाही. राग आवरायला शिकले.’

मंडळाचा शेरा आला, ‘अत्यंत प्रामाणिक चिंतन. विद्यार्थ्याच्या पालकांना विश्वासात घ्यावे.’

मॅडम म्हणाल्या, “सासूबाईंना सांगून बघितलं की! त्यांचाच लाडका हाय त्यो.”

*

व्हिडिओची गंमत वेगळीच. शाळेच्या भिंतीला लागून पॉवरलूमची शेड आहे. दिवसभर खटक-खटक, खटक-खटक. आमच्याकडे मूल पहिलीत आलं की आधी ओरडून बोलायला शिकतं, मग अआइई.

हेडसर मूल्यशिक्षणाचा तास घेतात. त्यांचं शूटिंग सुरू झालं आणि शेडची लाइट गेली. सगळीकडे चिडीचूप! पण सवय जाते कुठे? सर नेहमीच्या पट्टीत गरजले, “आपण सगळ्यांशी कसं बोलायचं?”

चाळीस पोरं बेंबीच्या देठापासून ओरडली, “प्रेमानं!”

शेरा आला, ‘वर्गातील वातावरण तणावपूर्ण.’

*

आता आमचे गुंडला सर. चौथीला गणित शिकवतात. घरी तेलुगू, वर्गात मराठी आणि चिडले तरी आवाज तोच. पद्धत जुनी, पाटी-पेन्सिलची. प्रत्येक पोराच्या दप्तरात टॉवेलचा एक ओला तुकडा असतो, लूमवरच्या चिंध्यांतला. सरांचा एकच नियम : चुकलं की लगेच पुसायचं आणि पुन्हा मांडायचं. “चुकलेलं डोळ्यांसमोर ठेवलं तर तेच पाठ होतं,” म्हणतात.

सरांचे विद्यार्थी गणितात पक्के, हे एमआयडीसीतल्या पानवाल्यालाही ठाऊक आहे. पण पोर्टफोलिओत सर दोनदा आपटले! दोन्ही वेळा शेरा एकच : ‘आधीचा पुरावा नाही.’

असणार कुठून? आधीचं सगळं पुसलेलं!

तिसऱ्या वेळी सरांची भूकच गेली. डबा उघडायचे आणि तसाच बंद करायचे. एकदा मला म्हणाले, “दाखले लिहायला मला जमेल हो. पण तास झाल्यावर कुठं जायचं, ते कळत नाही.” मी त्यांचा डबा पुन्हा उघडून पुढे सरकवला.

*

पालकांच्या अभिप्रायासाठी सरांनी त्यांच्या वर्गातल्या मुस्कानच्या वडिलांना बोलावलं. रफिकभाई रिक्षा चालवतात. मुस्कान जूनमध्ये वजाबाकीत पार कच्ची होती. सरांनी तिला शाळा सुटल्यावर थांबवून थांबवून तयार केली. म्हटलं, हा माणूस पैकीच्या पैकी देणार.

रफिकभाईंनी पाचापैकी दोन दिले!

मी म्हटलं, “अहो भाई, सरांनी एवढं केलं तुमच्या पोरीसाठी!”

“इसीलिए तो!” रफिकभाई म्हणाले. “पूरे पाच दिये तो सर को बडी शाळा में उठा के ले जाते की! दो में रहने दो. हमारेच पास रहते.”

खूप समजावल्यावर साडेतीनपर्यंत आले. त्यापुढे म्हणे रिस्क आहे.

*

मग पाटील मॅडमनी तोडगा काढला. “त्यात काय एवढं? मुस्कानला बसवा आन् जूनसारखी चुकीची गणितं लिवून घ्या कागदावर. झाला आधीचा पुरावा!”

गुंडला सरांनी मान हलवली. मग म्हणाले, “पुसायला शिकवलं मी तिला. आता चूक मुद्दाम लिहायला सांगू? नको मॅडम. गेला वर्ग तर गेला.”

ठरल्या दिवशी मंडळाच्या पॅनेलसमोर सरांचा व्हिडिओ कॉल होता. स्क्रीनवर एक मॅडम आणि एक गृहस्थ, दोघंही चष्मेवाले. गृहस्थांनी पहिलाच प्रश्न टाकला, “आधीचा पुरावा?”

“नाही,” सर म्हणाले. “मुलगी आहे. तिलाच विचारा.”

मुस्कान पाटी घेऊन पुढे आली. स्क्रीनवरच्या मॅडमनी विचारलं, “बाळ, जूनमध्ये तू बावन्नातून सत्तावीस कसे वजा करायचीस? दाखव बरं.”

मुस्कान खुदकन हसली. तिने भराभरा मांडलं आणि खाली पस्तीस लिहिलं. “दोनातनं सात जात न्हवते, तर मी सातातनं दोनच काढायची. लई येडी होते मॅडम!”

“छान! तशीच धर पाटी,” गृहस्थ लगबगीने म्हणाले. “स्क्रीनशॉट घेतो.”

तोवर टॉवेलचा तुकडा फिरला होता. हातचा घेऊन पंचवीस मांडलेसुद्धा!

“अगं, पुसलंस कशाला? पुन्हा लिही बघू पस्तीस.”

मुस्कानने पुन्हा लिहिलं. गृहस्थ बटण शोधेपर्यंत पुन्हा पुसलं. हेडसरांनी कपाळाला हात लावला. गुंडला सर खाली मान घालून उभे होते.

“बाळ, फोटो राहिला ना! पुसू नकोस म्हटलं ना मी!”

मुस्कानला काही कळेना. तिने एकदा सरांकडे बघितलं, एकदा स्क्रीनकडे. “चुकलेल्याचा फोटो कशाला काढायचा, सर?”

गृहस्थांनी बटण शोधणं सोडलं. शेजारची खटक-खटक तेवढी चालू होती. मग गृहस्थ शेजारी वळून म्हणाले, “मॅडम, पुरावा म्हणून जोडायचं काय?”

मॅडमनी चष्मा काढून डोळे पुसले. “काही जोडू नका. लिहा, आम्ही पाहिलं. पास.”

गुंडला सर खुर्ची चाचपत खाली बसले. मुस्कान अजून स्क्रीनसमोरच उभी होती, पाटी स्वच्छ पुसून पुढे धरलेली.

“मॅडम, आता एक अवघड घाला की!”