आईच्या वाटची सुकडी

पावसानं तोंड फिरवलं त्याच वर्षी आईला साखरेचा आजार निघाला. नगरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि पथ्याचा कागद दिला. मी सातवी पास, म्हणून तो वाचायचं काम माझ्याकडं आलं. गूळ-साखर बंद, तेल-तूप बेतानं. पालेभाजी, काकडी, साय काढलेलं दूध भरपूर. पारनेरकडच्या आमच्या गावात तेव्हा गुरांनासुद्धा हिरवा पाला मिळत नव्हता. तूप तर आम्ही कुणाच्या लग्नातच बघायचो. त्या कागदाचा मला अजून राग येतो. त्याहून जास्त माझा स्वतःचा येतो, कारण त्यातली पहिली ओळ मी कसोशीनं पाळली.

धाकट्या बहिणीला घरी ठेवून मी आणि आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचो. घरी रेशनच्या लाल मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची भाकरी, थापतानाच तुटणारी, तीही अर्धी वाट्याला यायची. खरा आधार दुपारी कामावर वाटायच्या त्या सुकडीचा. भाजलेलं पीठ आणि गूळ. आईच्या पदरात सुकडी पडली की मी ती काढून घ्यायचे.

"एक घास खाऊ दे की गं. पोटात आग पडलीय," ती म्हणायची.

"गूळ हाय त्यात. डॉक्टर न्हाई म्हणलेत."

सोबतच्या बाया म्हणायच्या, "लेक लई कडक हाय तुमची." मला बरं वाटायचं. अन्न टाकणं जिवावर यायचं, म्हणून तिच्या वाटची सुकडी मीच खायचे, तिच्यासमोर बसून. ती पाणी पिऊन हातोडी उचलायची.

गोळी मात्र मी रोज न चुकता द्यायचे. दुपार कलली की तिला दरदरून घाम फुटायचा, हात कापायचे, बोलणं तुटक व्हायचं. हिनं चोरून गोड खाल्लंय, असं मला वाटायचं. एकदा तर मी तिचं तोंड हुंगून पाहिलं. तिनं मुकाट्यानं हुंगू दिलं.

एका दुपारी ती खडीच्या ढिगावरच कोसळली. मी तिच्या तोंडात पाणी घातलं. मुकादमानं ट्रकमधून नगरला पोचवेपर्यंत दिवस मावळला. डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं होतं? सकाळपासून गोडाचा कणही लागू दिला नाही, गोळी तेवढी वेळेवर दिली, असं मी छाती फुगवून सांगितलं.

 डॉक्टर म्हणाले, "बाई, गोळी घेऊन उपाशी राहिलं की रक्तातली साखर एकदम उतरते. घाम येतो, हात कापतात. तेव्हा लगेच काहीतरी गोड द्यायचं असतं. आता फार उशीर झालाय."

आई पुन्हा बोललीच नाही. पहाटे गेली.

त्या दिवशीची तिच्या वाटची सुकडी मी धाकट्या बहिणीसाठी राखून ठेवली होती. आई कोसळली तेव्हा ती माझ्या पदराच्या गाठीत होती.