आधी फुंकर, मग फोटो

बोरी अरब गावाजवळच्या एका डाळ मिलमध्ये मी माझं पहिलं मशीन बसवलं, तेव्हा पुण्याची नोकरी सोडून मला वर्ष झालं होतं आणि गिऱ्हाईक हे एकच होतं. मशीनचं काम सोपं. तुरीची डाळ घसरगुंडीवरून खाली येते, कॅमेरा त्यातला खडा ओळखतो, आणि तो चार बोटं खाली पोचतो न पोचतो तोच हवेची नळी फुंकर मारून त्याला बाजूला उडवते. पापणी लवायलाही यापेक्षा जास्त वेळ लागतो. फुंकर लवकर नको, उशिरा तर नकोच.

घरी मी वाटीतून एकेक खडा सोडून पाहिला होता. दरवेळी फुस्स! खडा गायब. बायकोनं दोनदा टाळ्या वाजवल्या, तिसऱ्यांदा बोलावलं तर आलीच नाही. मग मला जास्तीचं सुचू लागलं. सापडलेल्या प्रत्येक खड्याचा फोटो ठेवायचा, त्याभोवती लाल गोल काढून पडद्यावर दाखवायचा, वर 'टिंग' वाजवायचं. तेही घरी एकेक खडा सोडून पाहिलं, चाललं. मिलचे शेठ खूश झाले पाहिजेत ना!

मिलमध्ये पहिलं पोतं ओतलं. टिंग टिंग टिंग! पडद्यावर खड्यांचा अल्बम सुरू झाला. मशीननं एकही खडा ओळखायचा सोडला नाही. शेठनं निवडलेल्या डाळीच्या पोत्यात हात घातला आणि मूठ माझ्यासमोर उघडली. खडेच खडे. टाकाऊ टबात मात्र पिवळीधमक डाळ.

"इंजिनेर, खडे ठेवले अन् डाळ फेकली. कायले आणलं हे?"

मी व्होल्टेजला दोष दिला, धुळीला दिला, शेवटी डाळीलाही दिला. शेठ म्हणाले, "चारच्या चहापर्यंत पाहतो. नाही जमलं तर उचला अन् घेऊन जा."

कोपऱ्यात मिलमध्ये वर्षानुवर्षं डाळ निवडणारी मावशी सूप घेऊन शेजारणीला कुठल्याशा लग्नाची हकीकत सांगत होती. माझ्याकडे वळून म्हणाली, "भाऊ, तुमच्या मशीनले दिसते समदं. हातच उशिरा उठते."

राग आला. पण दुसरं काही सुचत नव्हतं, म्हणून तिच्याकडेच बघत बसलो.

"तर नवरदेव मांडवात आला अन् त्याच्या बापानं..." सुपात खड्यांचा झुबका आला. वाक्य तिथंच अडलं, बोटं टपाटप चालली, खडे बाहेर. मग, "...जेवायलेच नाही म्हटलं!" पुढच्या झुबक्याला पुन्हा तोंड बंद, हात चालू.

आणि माझं मशीन? खडा दिसला की आधी फोटो, मग लाल गोल, मग टिंग, आणि या सगळ्यातून फुरसत मिळाली की फुंकर. घरी एकेक खडा होता म्हणून निभावलं. इथं ते झुंडीनं आले. फोटो निघेपर्यंत खडा पोत्यात, आणि फुंकर मागून येणाऱ्या निरपराध डाळीला.

लॅपटॉप मांडीवर घेऊन क्रम बदलला. आधी फुंकर. फोटो जमला तर जमला, नाहीतर सोडून द्यायचा. टिंग पार काढून टाकलं.

चहा आला. नवं पोतं ओतलं. शेठनं निवडलेली सूपभर डाळ मावशीपुढं ठेवली. ती डाळ पाखडत बोलत राहिली, आणि तिचं वाक्य अडेना. मला त्या लग्नातलं वाढप, मानपान, रुसवेफुगवे सगळं कळलं. मग एकदम ती थांबली. एक खडा. चिमटीत धरून तिनं तो शेठला दाखवला.

"एखादा माह्या हातूनबी सुटते," ती म्हणाली आणि खडा बाहेर भिरकावला.

शेठनं कप खाली ठेवला. "राहू द्या मशीन. दुसरं कधी देता?"

'पुढच्या आठवड्यात' म्हणायला मी तोंड उघडलं होतं. मावशीनं नुसतं माझ्याकडे पाहिलं.

"दोन महिन्यांनी," मी म्हणालो. "या वेळी वाटीनं नाही, पोत्यानं ओतून पाहतो."