भिंगातले पांढरे ठिपके
ट्रंक उघडली की डांबरगोळ्यांच्या वासाबरोबर तो जुना कॅमेरा हाताला लागतो. त्या दिवशी बायको नवं लुगडं नेसून उसाच्या बांधावर उभी होती, आणि मला भिंगाच्या आत कडेला पांढरे ठिपके दिसले. "थांब, फोटो खराब येईल," मी म्हणालो. ती हसली, "मला काय आता पाव्हणं बघाय येणारेत व्हय? काढा की!" मी ऐकलं न्हाय. भिंग खोलून रॉकेलच्या फडक्यानं खसाखसा घासलं, मगच फोटो काढला. तो धुरकट आला. बारामतीचा दुरुस्तीवाला म्हणाला, "आबा, ते ठिपके म्हंजे नुसता काचेच्या कडेचा काळा रंग उडालेला, फोटोत काय उतरत न्हवतं. तुमी घासून काच घालवली." दुसरा फोटो काढायच्या आधीच ती गेली. ह्या धुरकट फोटोत लुगडं ओळखू येतं, तोंड न्हाय. हार मी त्यालाच घालतो.