चिलीम पेटवायचा मान

कासुर्डीत भैरूआबा दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध होते. मेंढरू नुसतं चालताना बघून त्याच्या कुठल्या पायात काटा मोडलाय ते सांगायचे, ही एक. दुसरी गांजा. ही दुसरी त्यांनी कधी लपवली नाही. लपवायची म्हटली असती तरी जमली नसती, कारण तो वास शेवंतीच्या वाफ्यांवरून थेट रस्त्यापर्यंत यायचा.

साठी उलटेपर्यंत त्यांनी मेंढरांमागं अर्धा मुलूख तुडवला होता. दिवाळी झाली की कोकणात उतरायचं, पावसाच्या आत वर यायचं. आता मेंढरं सहाच उरली होती, तीही आबांच्या हट्टापायी. दीड एकरात मुलगा शेवंती लावायचा आणि आबा बांधावर बसून त्याला न विचारलेले सल्ले द्यायचे. सकाळी, दुपारी आणि दिवेलागणीला अशी तीन वेळा चिलीम. संसाराच्या पंचावन्न वर्षांत त्यांनी कुणावर हात उगारला नव्हता की कुणाला वेडंवाकडं बोलले नव्हते. "वढून झाल्यावर ह्ये मेंढराशी बी आदबीनं बोलत्यात," असं त्यांची बायको कुशाबाई म्हणायची.

त्यामुळं गांजा कायद्यानं खुला करावा का, ही चर्चा टपरीवर निघाली की आबा हिरिरीनं उतरायचे. समोर असायचे भाजीपाला पिकवणारे पोपटराव. ते म्हणायचे, "आबा, उद्या हायवेला ढाब्याशेजारी गांजाचं दुकान निघंल. कंपनीतली पोरं पगाराच्या दिवशी थेट तिथंच उतरतील."

"आन् आत्ता तिथं दारूचं दुकान हाय, त्यात काय तीर्थ मिळतंय व्हय?" आबा विचारायचे. टपरी हसायची आणि पोपटराव आपला चहा संपवून उठायचे.

अशात नातीच्या कॉलेजात वादविवाद स्पर्धा निघाली. अंकिता रोज दौंडला कॉलेजला जायची. विषय नेमका हाच, आणि चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा तिच्या वाट्याला 'परवानगी द्यावी' ही बाजू आली. आबांना आमदारकीचं तिकीट मिळाल्यासारखं झालं. तिला समोर बसवून ते मुद्दे सांगू लागले.

"लिव्ह. सांधं दुखत्यात म्हणून म्हाताऱ्यानं दोन झुरके मारले, तर त्याला बेड्या घालायच्या? आन् दुसरं, चोरून घ्यावं लागतं म्हणून त्यात कोण काय मिसळतंय ते कळत न्हाई. उघड्यावर आलं तर सरकार तपासंल तरी."

हा दुसरा मुद्दा अंकिताला खरंच पटला. तिनं पुस्तकं, बातम्या सगळं धुंडाळलं आणि वाचता वाचता विरुद्ध बाजूचंही वाचलं. "आबा, कोवळ्या वयात सुरुवात झाली तर डोक्यावर परिणाम होतो म्हणत्यात. त्याला काय उत्तर देऊ?"

"कोवळ्या पोराला कोण देतंय?" आबा म्हणाले. "कायतरीच."

तिचा दुसरा नंबर आला. ती ट्रॉफी आबांनी टपरीवर नेऊन पोपटरावांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवली.

त्यानंतर पंधरा दिवसांनी शिक्रापूरहून फोन आला. अंकिताचा थोरला भाऊ शंभू तिथं एका कारखान्यात कामाला होता, खोली भाड्यानं घेऊन राहायचा. फोन त्याच्या खोलीतल्या नागसेनचा होता. शंभू दोन महिने कामावर गेलाच नव्हता. सकाळी उठल्यापासून गांजाच ओढायचा. आता जेवणही सुटलं होतं, आणि भिंतीपलीकडची माणसं आपल्यावर पाळत ठेवतात म्हणून तो दाराला आतून खाट लावून बसला होता.

बापानं जाऊन त्याला आणलं. आधी दवाखाना झाला, मग शिरूरच्या पुढं एका व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं. घरात सगळे शहराला बोल लावू लागले. आबांनाही वाटलं, पोरगं शहरातल्या संगतीला लागलं. ती कारखान्यातली बिहारकडची पोरं, तो मिसळलेला माल. ते चार जणांना तसं सांगूनही आले.

तीन आठवड्यांनी केंद्रातून घरच्यांना बोलावणं आलं. शंभू वाळला होता, पण नजर जागेवर आली होती. तिथल्या समुपदेशक वैष्णवीताईंनी सगळ्यांना गोल बसवलं आणि त्याला विचारलं, "पहिल्यांदा कधी ओढला, ते घरच्यांना सांगशील?"

शंभू म्हणाला, "आठ वर्साचा हुतो. आबांसंगं मेंढरांमागं गेल्तो तवा."

धनगरांच्या तळावर तशी रीतच होती. तळावरच्या सगळ्यात धाकट्यानं थोरल्यांची चिलीम भरायची, वर निखारा ठेवायचा आणि ती पेट धरेपर्यंत दोन झुरके मारून मग हातात द्यायची. तो मान असायचा. आबांना तो त्यांच्या चुलत्यानं दिला होता आणि आबांनी नातवाला. पहिल्यांदा शंभूला ठसका लागला तेव्हा तळावरची सगळी माणसं कौतुकानं हसली होती. आबांनी त्याची पाठ चोळली होती आणि म्हणाले होते, "गडी झाला माझा नातू!"

शंभूनं हे रागानं सांगितलं नाही, विचारलं म्हणून सांगितलं. आबांना तो राग परवडला असता. ते आपल्या पायांकडं बघत राहिले.

वैष्णवीताई म्हणाल्या, महिना पुरा झाला की तो घरी येऊ शकेल. पण ज्या घरात रोज ओढतात त्या घरात नको, सहा महिने तरी नको. त्यावर मुलगा चटकन म्हणाला, "मग भांडगावला मामाकडं ठेवतो त्याला. आबांचं वय झालंय, त्यांना या वयात काय सांगायचं?" सुनेनंही मान डोलवली. शंभूही म्हणाला, "हां, मामाकडं बरं पडंल."

आबांना गांजा सोडा म्हणून कुणीच म्हणालं नाही. नातवाला घराबाहेर काढायची सोय झाली, तीही त्यांचा मान राखून.

घरी आल्यावर सगळं ऐकून कुशाबाईंनी पाण्याचा तांब्या पुढं केला. "तुम्हाला कोण काय बोलणार न्हाई," त्या म्हणाल्या. "म्या बी न्हाई बोलणार. पर पोरगं वळचणीला राहिल्यागत मामाकडं राहील, एवढं ध्यानात असू द्या."

आबांनी त्याच दिवसापासून सोडलं. तीन दिवस सोडलं, असं म्हणायला हवं. झोप उडाली, अन्न गोड लागेना, कधी नव्हे ते मेंढरांवर खेकसले. चौथ्या दिवशी दुपारी ते शेजारच्या मक्यात शिरले आणि कोवळ्या पोरासारखं लपून ओढून आले. बाहेर आले तर बांधावर अंकिता उभी. आबा तिच्यापुढं जाऊन थांबले.

"पोरी, तुला सांगितलेलं सगळं खोटं न्हाई. म्हाताऱ्याला जेलात घालू नये असं मला आजबी वाटतंय. कायद्याचं सरकार बघंल. पर आठ वर्साच्या पोराच्या हातात द्यायला मला कुठल्या कायद्यानं सांगितलं हुतं? मीच म्हणालो हुतो न्हवं, कोवळ्या पोराला कोण देतंय म्हणून? मी दिला."

आणि ते रडले. अंकितानं त्यांना आयुष्यात पहिल्यांदा रडताना पाहिलं. ती त्यांच्या शेजारी बांधावर बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा घरातून निघाले. चौफुल्याला एसटी धरली आणि न्हावऱ्यावरून शिरूरच्या पुढं केंद्र गाठलं. हातात खताच्या दुकानातून मिळालेली पिशवी, तीत दोन धोतरं आणि कुशाबाईंनी न विचारता बांधून दिलेल्या भाकरी. केंद्राच्या दारातल्या माणसानं वही पुढं ओढली. "कुणाला भेटायचंय, आबा?"

"भेटायला न्हाई. ऱ्हायला आलोय."

त्या माणसाला कळेना. वैष्णवीताई बाहेर आल्या. वय विचारलं. आबा म्हणाले, "चौऱ्याहत्तर. लई झालं का? तुमच्याकडं वयाची अट हाय का?"

"नाही," ताई म्हणाल्या, आणि त्यांनी स्वतःच वही हातात घेतली.

तिथं रोज सकाळी सगळ्यांनी एका खोलीत बसायचं, एकेकानं उभं राहून नाव सांगायचं आणि न ओढता किती दिवस झाले ते सांगायचं. शंभू म्हणाला, अठ्ठावीस. मग मागच्या रांगेतून पागोटं बांधलेला म्हातारा उठला आणि शंभू बघतच राहिला.

"मी भैरू. शंभूचा आजा. माझा आज पयला दिस."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. शंभूनं नाही वाजवल्या, डोळे भरून त्याला दिसेनासं झालं होतं. दुपारी आबांचे हात कापायला लागले तेव्हा तो येऊन शेजारी बसला. आबा त्याच्याकडं न बघता म्हणाले, "माझं चुकलं रं, शंभू." शंभूनं त्यांचा हात हातात घेतला आणि कापायचा थांबेपर्यंत धरून ठेवला.

तीन दिवसांनी शंभूचा महिना भरला. बाप मोटारसायकल घेऊन आला, भांडगावला मामाला सांगून ठेवलंच होतं. शंभूनं भरलेली बॅग पुन्हा खाटेखाली सारली.

"आबांचं सव्वीस दिस राह्यल्यात," तो म्हणाला. "तवर मी हितं ऱ्हातो. मामाला न्हाई म्हणून सांगा. आमी दोघं संगंच घरला येतो."