रस्ता ड्रायव्हरचा, माणसं माझी

दोन ठोके पडल्याशिवाय आमची जीप जागची हलत नसे. ठोके पडायचे मागच्या दाराच्या पत्र्यावर, बोटातल्या चांदीच्या जाड अंगठीनं. टक टक. पाठोपाठ खणखणीत आवाज, "जाऊ द्या!" ठोके मारणारा माणूस एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर होता. सगळं कंधार त्यांना कंडक्टरसाब म्हणायचं, मीही तेच म्हणतो. एसटीत एक घंटी म्हणजे थांबा आणि दोन म्हणजे चला, हे तुम्हालाही ठाऊक असेल. नोकरी संपली तरी त्यांच्या हाताची ती सवय गेली नव्हती.

आता ही जीप कसली, ते सांगतो. रविवारी सकाळी डोंगरवाटा हिंडणाऱ्यांचा आमचा एक कंपू आहे. कंधारहून थोड्या अंतरावर, धरणाच्या काठाला एक गाव आहे. मराठवाड्याला समुद्र नाही, पण त्या गावात उभं राहिलं की समोर नजर पोचेल तिथवर पाणीच दिसतं. म्हणून आम्ही त्याला 'आमचं कोकण' म्हणतो. गावाच्या पाठीशी टेकड्या आहेत. शेळ्यांनी आणि गुराख्यांनी पाडलेल्या वाटा पळसातून, सीताफळीच्या झुडपांतून वर माळावर जातात आणि पलीकडून पुन्हा पाण्याशी उतरतात. मी बसस्टँडसमोर वह्या-पेनांचं दुकान चालवणारा बैठा माणूस. डोंगराचं मला कधीच वेड नव्हतं. डॉक्टरांनी साखर सांगितली, चालायला लावलं, आणि मी त्या कंपूत जाऊन पडलो.

पहिल्या रविवारी मला वाटलं, हे पांढऱ्या दाढीचे गृहस्थ आमचे वाटाडे असणार. मी विचारलं, "साब, ही वाट कुठं निघते?"

"मला काय म्हाईत?" ते शांतपणे म्हणाले. "रस्ता ड्रायव्हरचा. माणसं माझी."

ड्रायव्हर म्हणजे संगीताताई. त्या शाळेत शिकवतात आणि आमच्यात सगळ्यांत पुढं चालतात. त्यांची चाल अशी की मागचे जिवंत आहेत की नाहीत याची त्यांना फिकीर नसते. कंडक्टरसाब कायम सगळ्यांत शेवटी. दर वळणावर ते काठी दगडावर एकदा आपटत. एक ठोका, की संगीताताईसुद्धा थांबायच्या. मग ते बोट नाचवत सगळ्यांना मोजायचे, आकडा मोठ्यानं बोलायचे आणि दोन ठोके देऊन रांग सोडायचे. त्या मोजणीत ते स्वतःला मात्र कधी धरत नसत. मी एकदा म्हणालोही, "साब, तुम्ही राहिलात की."

"कंडक्टर पॅसेंजरमदी धरत न्हाईत," ते म्हणाले. त्यांच्या दृष्टीनं विषय संपला.

डोंगरावरही त्यांची एसटी चालूच होती. वाटेत ठरलेले थांबे होते. पळसफाटा, मोठा धोंडा, सीताफळवाडी. ही नावं त्यांनीच दिलेली, बाकी कुणाला ती माहीत नाहीत. गावातलं एक तांबडं कुत्रं आमच्या मागं लागायचं, ते 'लगेज' धरलं जायचं. एकदा नांदेडहून नव्याकोऱ्या बुटांतली काही तरुण मंडळी आली होती. ती दर दहा पावलांवर उभी राहून मोबाइलसमोर नाचू लागली. कंडक्टरसाब कमरेवर हात ठेवून म्हणाले, "लई झालं. गाडी तुमच्या फोटोसाठी थांबत न्हाई." आणि मग त्यांचा नाच संपेपर्यंत तिथंच थांबले. माणूस मागं ठेवून जाणं त्यांना जमतच नव्हतं.

माझ्यासाठी त्यांनी एक खास सोय केली होती. चढावर मला धाप लागायची आणि ती लपवायला मी उगाच झाडंबिडं बघत बसायचो. ते मागून बघायचे आणि ओरडायचे, "विनंती थांबा!" सगळे थांबायचे. कुणी विनंती केली, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, तर त्याला जपा. माझा चढ त्यांच्यामुळं निभावला.

ईदनंतरच्या रविवारी त्यांच्या हातात स्टीलचा भला मोठा डबा असायचा. त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या भाभींनी, पाठवलेला शीरखुर्मा. साखरेच्या रोग्याला त्यातला थोडाच मिळायचा, तोही भाषणासकट.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यातली गोष्ट. आम्ही माळावरून पाण्याकडं उतरत होतो. कंडक्टरसाब म्हणाले, "व्हा पुढं, बुटात खडा गेलाय." आम्ही उतरलो. खाली गावातल्या पिंपळाशी जीप उभी होती, समोरच्या हॉटेलात पोहे तयार होते. ते काही दिसेनात. एखाद्या गुराख्याशी बोलत बसले असतील, असं आम्ही धरून चाललो. तोवर त्यांचं काम संगीताताईंनी केलं. अगदी त्यांच्यासारखंच बोट नाचवत मोजलं. "चौदा!" चौदाच निघालो होतो. आकडा बरोबर, म्हणून साबांचा विषय डोक्यातून गेलाच. सगळ्यांनी निर्धास्तपणे पोहे खाल्ले, चहा घेतला आणि जीपमध्ये जाऊन बसलो.

जीपवाल्यानं गाडी चालू केली आणि तो तसाच बसून राहिला. ठोके पडेनात. त्यानं आरशात पाहिलं, मग मान वळवून विचारलं, "साब कुठं हायत?"

आम्ही एकमेकांच्या तोंडाकडं पाहिलं. आम्ही इतकी शिकली-सवरलेली माणसं, पण त्यांनी स्वतःला कधी मोजलं नाही म्हणून आम्हीही मोजलं नव्हतं. संगीताताई तर मागं-पुढं न बघता वर धावत सुटल्या. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या चढावर कुठंही न थांबता गेलो.

ते मोठ्या धोंड्याला टेकून बसले होते. चेहरा राखेसारखा, सदरा घामानं चिंब, एक हात छातीवर. तांबडं कुत्रं शेजारी बसून होतं. बूट पायातच होता, खडाबिडा काही नव्हता. छातीत दुखायला लागलं होतं आणि ते आम्हाला कळू नये म्हणून आम्हाला पुढं पाठवलं होतं.

"गाडी सोडली का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई साब. थांबलीय."

"मोजले?"

संगीताताईंना रडू फुटलं. "मोजले. चौदा भरले."

"मग बरोबर हाय," ते म्हणाले. थोडा दम खाऊन पुढं म्हणाले, "एक घंटी दिली व्हती मी. तुमाला गेली न्हाई ऐकू."

हातातली काठी तशीच त्या धोंड्याला लावलेली होती. अंगात होता तेवढा जोर लावून त्यांनी ती एकदा आपटली असणार, आणि आम्ही खाली पोह्यांवर लिंबू पिळत होतो.

एका गुराख्याच्या घोंगडीत घालून आम्ही त्यांना उतरवलं आणि तडक नांदेडला नेलं. वाचले. दवाखान्यात भाभी आम्हाला एका शब्दानं बोलल्या नाहीत. बोलल्या त्या नवऱ्याला. "दुनियेला मोजत फिरून राहिले. तुमाला कोन मोजायचं?" कंडक्टरसाब छताकडं बघत राहिले.

त्यांचा डोंगर बंद झाला. तरी रविवारी सकाळी ते स्टँडवर हजर असायचे. आम्हाला जीपमध्ये बसवायचे, मोजायचे, पत्र्यावर दोन ठोके द्यायचे आणि घराकडं वळायचे. वळण येईपर्यंत मी मागच्या काचेतून बघायचो. गाडी त्यांची आणि तेच खाली राहायचे, हे मला फार लागायचं.

उन्हाळ्याच्या तोंडाला एका रविवारी ते बूट घालून आले. "आज वर न्हाई जायचं. पाण्याच्या कडंनं सपाटीला चला," म्हणाले. डॉक्टरांना विचारलं का, असं मी विचारलं. "तुमच्या भाभीला इचारलंय," ते म्हणाले. म्हणजे वरच्या कोर्टाची परवानगी होती.

ते मागच्या दाराशी उभे राहिले नाहीत. आत येऊन खिडकीशी बसले आणि मला म्हणाले, "आज तुमी मोजा. आन् आधी सोतापासून सुरू करा. माझ्यावानी करू नका."

मी स्वतःपासून सुरू केलं. चौदा झाले आणि माझं बोट सवयीनं थांबलं.

"मला धरलं का?" त्यांनी विचारलं.

"धरू?"

"धरा की. आज मी पॅसेंजर हाय."

"पंधरा," मी म्हणालो. गडबडीत मी पत्र्यावर एकदाच ठोकलं.

"एक म्हंजे थांबा," आतून आवाज आला. "दोन द्या, दोन."

त्या दिवशी ते रांगेच्या मधोमध चालले. पाणी मागं हटलेल्या गाळात लोकांनी टरबुजं लावली होती. एका मळेवाल्यानं एक फोडून दिलं. कंडक्टरसाब काठावरच्या दगडावर बसून बिया पाण्यात थुंकत होते आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मागं कोण राहिलं याकडं त्यांचं लक्ष नव्हतं. मागं मी होतो.

पावसाळ्यात ते गेले. घरी, झोपेत.

त्यानंतरच्या रविवारी जावं की नाही, हे कुणी कुणाला विचारलं नाही. सगळे वेळेवर स्टँडवर आले. मी मागच्या दाराशी उभा राहिलो आणि स्वतःपासून मोजायला सुरुवात केली. चौदा भरले. आकडा बरोबर होता.

मी पत्र्यावर ठोकलं. एकदाच, आणि या वेळी चुकून नाही. जीपवाल्यानं इंजिन बंद केलं. संगीताताईंनी पुढच्या सीटवरून मागं वळून पाहिलं. खिडकीशेजारची जागा कुणी घेतली नव्हती.

बराच वेळ आम्ही तसेच थांबलो. मग मी दोन ठोके दिले.